काशीबायनं आणलेल्या नऊ सह्या

"मी हाय ना."

काशीबाय एवढंच म्हणायची. दवाखान्याच्या पायरीवर कळ दाबून बसलेल्या पहिलटकरणीला, सुई बघून भोकाड पसरणाऱ्या पोराला, रिपोर्टाची वाट बघत खांबाला टेकलेल्या म्हाताऱ्याला, सगळ्यांना हे तीनच शब्द. म्हणताना ती समोरच्याच्या मनगटावर हात ठेवायची. हात खरखरीत, त्याला स्पिरिटचा वास, पण ठेवला की माणूस जरा खाली बसायचा. आमच्या बंदरावर छत्तीस वर्षं त्या तीन शब्दांवर माणसं अंगावर सुरी फिरू देत आली.

ती मूळची इथली नव्हे. डोंगरापलीकडच्या भातखाचरांच्या गावातली. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तो नवऱ्याला लावणीत पान लागलं, साप चावला, आणि तो बांधावरच गेला. मूल नव्हतं. सासरी कुणी जा म्हणालं नाही, पण ताटही कुणी आपणहून वाढेना. बाविसाव्या वर्षी ती एस.टी.त बसली आणि गाडी जिथं संपते तिथं उतरली. ते आमचं बंदर. जेटीसमोर थोरल्या डॉक्टरांचा दवाखाना होता, तिथं झाडलोटीला बाई हवी होती. थोरल्यांनी तिचे हात पालथे-उलथे करून पाहिले, नखं पाहिली आणि म्हणाले, "राहा." दवाखान्यामागची कौलारू खोली तिला दिली. झाडलोटीवरून ती हत्यारं उकळण्यावर आली, तिथून मलमपट्टीवर, आणि मग ऑपरेशनच्या खोलीत. सातवीपर्यंतची शाळा आणि थोरल्यांची शिस्त, एवढ्यावर ती अर्धी नर्स झाली. पुरी झाली असं तिनं कधी म्हटलं नाही.

त्या ऑपरेशनच्या खोलीला एक खिडकी आहे. तिच्यातून जेटी दिसते आणि भरतीला नांगरलेल्या होड्या दिसतात. टेबलावर पोर आलं की काशीबाय त्याचं तोंड आपल्या तळव्यात धरून खिडकीकडं वळवायची. "होड्या मोज. लाल बावट्याच्या वेगळ्या, पिवळ्या बावट्याच्या वेगळ्या. चुकलास तर परत पहिल्यापासून." पोर मोजत राही, इकडं काम होऊन जाई. आज आखातात क्रेन चालवणारे, बोटीवर इंजिन बघणारे कितीतरी बाप्ये त्या टेबलावर होड्या मोजून आलेले आहेत.

कारण त्यातली बरीचशी पोरं मोहल्ल्यातली, सुंतेला आलेली असत. पूर्वी सुंता करायला बंदरावरचा म्हातारा न्हावी होता. वस्तरा त्याचा, आणि रक्त थांबवायला जुन्या मलमलीच्या चिंधीची राख, तीनदा गाळलेली. पुढं त्याला दिसेनासं झालं, तेव्हा तो आपणच म्हणाला, आता माझ्याकडं पोरं आणू नका. मोहल्ला अडला. दुसऱ्या धर्माच्या डॉक्टराकडं, बायामाणसांची ये-जा असलेल्या दवाखान्यात, हे काम न्यायचं कसं? तेव्हा काशीबाय मोहल्ल्यात गेली. हलीमाबीच्या ओट्यावर बसली. हलीमाबी म्हणजे मोहल्ल्यातल्या बायकांचं कोर्टच. ती म्हणाली, "काशीबाय, पोराला काय झालं तर?" काशीबायनं तिच्या मनगटावर हात ठेवला आणि तेच म्हटलं. हलीमाबीनं आपला थोरला नातू पहिला पाठवला. मग सगळे आले.

थोरल्या डॉक्टरांची रीत ठरलेली होती. एका सकाळी दोन पोरं, तिसरं नाही. सुरी आणि टाके, घाई नाही. आणि संमतीचा कागद. सुंता मे महिन्यात होत, कारण तेव्हा शाळांना सुट्टी आणि आखातातले बाप रजेवर आलेले. बाप यायचे आदल्या दिवशी, जायचे आठवड्यात, कागदासाठी हेलपाटे घालायला त्यांना सवड नसे. म्हणून काशीबाय आदल्या दिवशी दवाखान्याचं नाव आणि सहीच्या रेघा छापलेले, बाकी कोरे कागद घेऊन मोहल्ल्यात फिरे, ओट्यावर बसून आयांच्या सह्या घेई. दुसऱ्या दिवशी थोरले डॉक्टर पोराच्या घरच्यांसमोर तो कागद स्वतःच्या अक्षरात भरत आणि मोठ्यानं वाचून दाखवत. काय करणार, काय होऊ शकतं, झालं तर कुठं नेणार, सगळं. कुणी घड्याळ बघितलं तर म्हणत, "ऐका. पोर तुमचं आहे." सही आधी आणि वाचन नंतर, ही उलटी रीत, पण वाचन कधी चुकलं नाही, म्हणून कुणाला उलटी वाटली नाही.

थोरल्यांचा एकुलता एक मुलगा निकेत. त्याची आई आजारी असे, म्हणून तो वाढला काशीबायच्या कडेवर. उकळत्या हत्यारांच्या भांड्याजवळ बसून ती त्याला गोष्टी सांगे. म्हाताऱ्या न्हाव्याची आणि त्याच्या राखेची गोष्ट त्याला फार आवडे. "मऊ अस्ते?" तो विचारी. "पिठासारखी," ती सांगे, "नि गार. जीव गार होतो." तो मुंबईला डॉक्टरकी शिकायला गेला तेव्हा तिनं गाडीत त्याच्या मांडीवर फणसपोळीची गुंडाळी ठेवली. लोकांसमोर ती त्याला डॉक्टर म्हणे, एकटा असला की निकेत.

थोरले गेल्यावर निकेतनं दवाखान्याला वरचा मजला चढवला, फरशी पांढरी केली, दारावर काचेची पाटी आली. तो हुशार होता, हात चपळ होता, फक्त त्याला थांबणं ठाऊक नव्हतं. विजेवर चालणारं एक यंत्र आलं. त्याची टोकदार काडी लावली की कातडी कापली जाते आणि रक्तही तिथल्या तिथं बंद होतं. यंत्र दाखवायला आलेला कंपनीचा माणूस म्हणाला होता, "डॉक्टरसाहेब, सुंतेला हे वापरायचं तर स्टीलचा चिमटा लावू नका. वीज चिमट्यातून उतरते, आतलं भाजून काढते." काशीबाय तेव्हा फरशी पुसत होती. तिनं ऐकलं. निकेतही ऐकत होता, तो फोनवर होता तरी मान हलवत होता.

कागदाची रीतही अर्धी राहिली. सह्या आणायला काशीबाय जायची, वाचून दाखवायला आता कुणी नव्हतं. "मी भरून ठेवतो, मावशी," निकेत म्हणायचा. ती म्हणायची, बरं.

कोरोनाची दोन वर्षं सुंता झाल्याच नाहीत. बाप आले नाहीत, आले ते परत जाऊ शकले नाहीत. दोन हजार बावीसच्या मे महिन्यात मोहल्ल्यात नऊ पोरं तटून राहिली होती आणि नऊ बापांना एकाच आठवड्याची रजा. निकेत म्हणाला, शनिवारी सगळी आणा.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर काशीबाय नऊ कोरे कागद घेऊन निघाली. शेवटचं घर हलीमाबीचं. धाकट्या नातवाची, पाच वर्षांच्या उमैरची सुंता होती. त्याचा बाप अश्फाक दोह्याहून सकाळीच उतरला होता, आत झोपला होता. सून तस्लीम ओट्यावर आली. हलीमाबीनं काशीबायपुढं फणसाच्या गोड सांदणाची बशी ठेवली.

"कागदावर कायच न्हाय गो लिवलेलं," तस्लीम म्हणाली.

"डॉक्टर भरतील. माजं अक्षर कोंबडीच्या पायाचं."

"सही कर, तस्लीम," हलीमाबी म्हणाली. "काशीबायचा कागद हाय. काय सरकारचा हाय काय?"

तस्लीम उर्दू शाळेत शिकलेली. तिनं वळणदार सही केली आणि खाली काही बारीक काढलं.

"ही खाली मुंग्या कसल्या काढल्यास?" काशीबायनं विचारलं.

तस्लीम हसली. "तारीख हाय, बाय. आमच्या मास्तरीन बाईंनी सवय लावलीय. तारखेबगर सही केली तर हातावर पट्टी."

काशीबायनं सांदण खाल्लं, साक्षीदाराच्या रेघेवर आपलं नाव लिहिलं आणि कागद पिशवीत ठेवला. उठताना तस्लीमच्या मनगटावर हात ठेवायला ती विसरली नाही.

शनिवारी दुपारी दवाखान्यापुढं मांडव घालायचाच बाकी होता. नवे कपडे, गळ्यात हार घातलेली पोरं, कुणी पेढे वाटतंय, कुणी अत्तर लावतंय. पहिली चार झाली तोवर अडीच तास गेले. मग निकेतनं घड्याळ पाहिलं आणि स्टीलचा चिमटा काढला. चिमटा लावून यंत्र चालवलं की काम निम्म्या वेळात होतं. पाचवं, सहावं, सातवं, आठवं. नशीब त्या पोरांचं, ती सुटली. नववा उमैर. काशीबायनं त्याचं तोंड तळव्यात धरलं होतं आणि तो होड्या मोजत होता. लाल अकरा, पिवळ्या चार. तेवढ्यात तिला वास आला. इतका वेळ आला नव्हता असा वास.

"डॉक्टर, चिमटा काढा," ती म्हणाली. "तो कंपनीवाला म्हनला होता."

निकेतनं मान वर केली नाही. "मावशी, तू होड्या मोज. इकडचं मी बघतो."

ती गप्प बसली. पुढं कायम तिला हीच गोष्ट छळत राहिली. टेबलाच्या दोन बाजूंना दोघंच होते, आणि ती गप्प बसली.

तिसऱ्या दिवशी पट्टी बदलायला हलीमाबी आणि तस्लीम उमैरला घेऊन आल्या. काशीबायनं पट्टी सोडवली. जागा काळी पडली होती, वाळल्या चिंचेसारखी, आणि हात लावला तरी पोर रडत नव्हतं. तिनं छत्तीस वर्षांत जखमा पाहिल्या होत्या. न दुखणारी जखम काय सांगते, ते तिला माहीत होतं. ती निकेतला बोलवायला गेली. तो आला, लांबून पाहिलं, म्हणाला, "खपली आहे. सुटेल." पावडर लिहून दिली.

तस्लीमनं काशीबायकडं पाहिलं. "खरंच खपली हाय गो?"

आणि काशीबायनं तिच्या मनगटावर हात ठेवून तेच म्हटलं.

चौथ्या दिवशी अश्फाकचं विमान होतं, तो गेला. पाचव्या दिवशी उमैरला ताप चढला आणि लघवी अडली. दोघी बायकांनी त्याला भाड्याच्या गाडीत घालून मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, हे भाजलं कुणी? त्या वर्षात तीन ऑपरेशनं झाली. पोर जगलं. पण जे गेलं ते परत लावता येत नाही. लघवीला आजही त्याला बसावं लागतं, त्रास होतो, आणि मोठा झाल्यावर त्याला काय काय सांगावं लागणार आहे हे बापाला अजून कळत नाही. अश्फाक नोकरी सोडून परत आला. त्यानं जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात डॉक्टरवर तक्रार लावायची ठरवली आणि दवाखान्याकडं कागद मागितले. दोन महिने टोलवाटोलवी झाली. ऑपरेशनचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं म्हणाले. मग एक झेरॉक्स मिळाली.

ती झेरॉक्स घेऊन हलीमाबी काशीबायच्या खोलीवर आली. दुपारची वेळ. काशीबाय लसूण सोलत होती, ती उठायला लागली.

"उठू नको. मी बसायला न्हाय आले," हलीमाबी म्हणाली. तिनं कागद पुढं धरला. "तस्लीमची सही वळखतीस?"

"व्हय."

"खाली साक्षीदार कोन?"

"मी."

"मग वरचं वाच. मला मराठी वाचता येत न्हाय, तू वाच. मोठ्यानं वाच, थोरले वाचायचे तसं."

काशीबायनं वाचलं. अक्षर निकेतचं होतं. 'मुलाची सुंता घरीच न्हाव्याकडून केली. रक्त थांबवण्यासाठी गरम राख लावल्याने इंद्रिय भाजले. या अवस्थेत मुलास दि. १४ मे रोजी दवाखान्यात आणले. दवाखान्याने फक्त मलमपट्टी केली. वरील मजकूर आम्हांस वाचून दाखवला, तो मान्य आहे.' खाली दवाखान्याचा गोल शिक्का, तस्लीमच्या सहीवर अर्धा चढलेला, त्यात सहीचा खालचा भाग काळा होऊन गेला होता.

काशीबायनं कागद परत दिला.

"हे मी न्हाय लिवलं, बी."

"तू लिवलं न्हाय. तू आनलंस." हलीमाबीनं कागद घडी करून कनवटीला लावला. "आमी डॉक्टरला सही दिली न्हाय, काशीबाय. तो कोन आमचा? सही तुला दिली. माज्या ओट्यावर सांदण खाऊन तू माज्या नातवाला इकलास."

"बी, अल्लाची शपथ..."

"तुज्या देवाची घे. आमच्याची नको."

ती गेली. दारात तिच्या चपलांचा ठसा वाळूत राहिला, संध्याकाळपर्यंत काशीबाय तो ओलांडून बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी पेशंट संपल्यावर ती निकेतच्या खोलीत गेली.

"बस, मावशी."

"उभीच बरी हाय. न्हावी कोन?"

"कसला न्हावी?"

"कागदावरचा. आपल्या बंदरावरचा न्हावी आंधळा होऊन मेला, त्याला चौदा वर्सं झाली. तो उठून आला व्हता काय?"

निकेतनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वकिलानं सांगितलं तसं लिहिलं. विमा कंपनीचा वकील आहे. अपघात झाला, मावशी. एक केस. बाबांनी हजार केल्या, मी पाचशे केल्या. एका केसवर हे सगळं बुडवायचं?"

"नि राख? राख गरम कंदी अस्ते रे? तीनदा गाळून गार करून लावायचे. मीच सांगितलंय तुला."

"तूच सांगितलंस ना राखेचं," तो खाली बघत म्हणाला. "तेच आठवलं."

 उकळत्या भांड्याजवळ मांडीवर बसून ऐकलेली गोष्ट. ती त्यानं जपून ठेवली होती आणि ही अशी काढली होती.

तिच्या चेहऱ्याकडं बघून तो उठला. टेबलाला वळसा घालून आला, लहानपणी येई तसा तिच्या खांद्याला डोकं टेकवून उभा राहिला. "चुकलं माझं. तो कागद मी मागे घेणार आहे, वकिलाशी बोलणं झालंय. त्यासाठी तुझी एक सही लागेल." खणातून त्यानं दोन पानं काढली. इंग्रजी होती.

"काय लिवलंय?"

"तू छत्तीस वर्षं इथं काम करतेस, आणि त्या शनिवारी हजर होतीस. बस, एवढंच."

"वाच की."

तो कागदाकडं बघत मराठीत म्हणत गेला. नाव, वय, गाव, छत्तीस वर्षं, शनिवारी हजर. थोरल्यांसारखा आवाज लावून, सावकाश. मग पेन पुढं करून त्यानं तिच्या मनगटावर हात ठेवला.

"मी आहे ना, मावशी."

आणि तिनं सही केली. हे वाचणाऱ्यांनी तिला मूर्ख म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्यावं, की त्या तीन शब्दांवर भरवसा ठेवायला सगळ्या बंदराला तिनंच शिकवलं होतं. ते शब्द खोटेही पडू शकतात, याची सवय तिला स्वतःला कुठून असणार?

वर्ष गेलं. तक्रार अलिबागला उभी राहिली. उरलेल्या आठ पोरांच्या बापांना साक्ष द्या म्हणून अश्फाकनं फोन केले. कुणी म्हणालं बोटीवर आहे. कुणी म्हणालं, भाई, बंदरावर एकच डॉक्टर आहे, म्हातारी आई त्याच्याच औषधावर आहे. एकानं फोन उचलून ठेवून दिला. सरकारी डॉक्टरांच्या समितीनं कागद पाहून कळवलं, जखम भाजल्याची खरी, पण ती दवाखान्यात झाली की घरी, हे कागदांवरून ठरवता येत नाही. म्हणजे सगळं येऊन ठेपलं त्या एका कागदावर. तो खरा, तर उमैरचं म्हणणं खोटं. आणि काशीबाय? मोहल्ल्यात तिचं पाऊल बंद झालं. मासळीबाजारात बायका तिला माप नीट देत, पण वर बघत नसत. कागद मागे घेतला का, हे ती निकेतला विचारायची आणि तो म्हणायचा, चाललंय, मावशी.

एका सकाळी अश्फाकची वकील क्रांती तिच्या खोलीवर आली. अलिबागची, तिशीतली, पायात बूट, खांद्याला फुगलेली पिशवी. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"मावशी, तुमचं प्रतिज्ञापत्र आलंय आयोगात. मला फक्त विचारायचं होतं, हे तुम्ही शुद्धीवर लिहून दिलंय का?"

"मी शनिवारी हजर व्हते, एवढंच दिलंय."

क्रांतीनं तिच्याकडं पाहिलं. मग ती आत आली, चटईवर बसली आणि पानं उघडून एकेक ओळ मराठी करत गेली. 'मी शपथेवर सांगते की, मूल आणले तेव्हा जखम आधीच झालेली होती. ती मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. न्हाव्याचे नाव सांगण्यास सोबतच्या बायकांनी नकार दिला. संमतीचा मजकूर मी स्वतः आईला वाचून दाखवला.'

"परत वाच," काशीबाय म्हणाली.

क्रांतीनं परत वाचलं.

काशीबाय उठली, मोरीवर गेली आणि हात धुतले. साबण लावून, नखांपर्यंत, ऑपरेशनला उभं राहायच्या आधी धुवायची तसे. पदराला न पुसता ओले हात तसेच समोर धरून ती परत आली.

"कुटं येयाचं ते सांग," ती म्हणाली. "तारीख सांग."

त्या तारखेला पहाटे तिनं खोली झाडली. एक पातेलं, दोन लुगडी, थोरल्यांनी दिलेलं घड्याळ, एवढं पिशवीत भरलं. खोलीला कुलूप लावून चावी निकेतच्या टेबलावर, कागद दाबायच्या दगडाखाली ठेवली आणि पहिली एस.टी. धरली.

आयोगाची खोली लहान. पंखा हळू फिरत होता. एका बाजूला अश्फाक, तस्लीम, हलीमाबी. दुसऱ्या बाजूला निकेत आणि त्याचे वकील. तिला बघून निकेत अर्धवट उठला आणि परत बसला. वाटलं असेल त्याला, आपल्या बाजूनं आली.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "हे प्रतिज्ञापत्र तुमचं आहे?"

"सही माजी हाय. आतलं काय बी माजं न्हाय."

निकेतचे वकील हसले. "बाई, म्हणजे तुम्ही सही करता आणि मग फिरता. आज कुणी सांगितलं फिरायला?"

"कुनी न्हाय. आज कुनीतरी वाचून दाखवलं, म्हनून."

"आणि तो संमतीचा कागद? तुम्ही साक्षीदार आहात. तोही खोटा?"

 खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की हो म्हटलं तर ती स्वतःलाच टाकते आहे.

"सह्या घेतल्या तवा कागद कोरा व्हता," ती म्हणाली. "नऊच्या नऊ कोरे. आदल्या दिवशी, शुक्रवारी. मीच घरोघर फिरून घेतल्या. वाचून कुनी दाखवलं न्हाय. मी पन न्हाय."

"काय सांगून घेतल्या?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

काशीबायनं खाली बघून सांगितलं काय सांगून घेतल्या ते. तीन शब्द. इतक्या हळू, की लिहिणाऱ्या कारकुनानं परत विचारलं आणि तिला परत म्हणावं लागलं. मग चिमट्याचं सांगितलं, कंपनीच्या माणसाचं, वासाचं. तिसऱ्या दिवशीच्या काळ्या जागेचंही सांगितलं, आणि आपण काय बोललो ते.

"हे सगळं तोंडी आहे," वकील म्हणाले. "कागद काय म्हणतो? चौदा मे, शनिवार. मूल जखमी आणलं, मग सही झाली."

"सहीच्या खाली बघा," काशीबाय म्हणाली. "झेरॉक्सला न्हाय दिसत, शिक्का हाय. मूळ कागद बघा. तस्लीमनं तिच्या हातानं तारीख टाकलीय, त्यांच्या उर्दू आकड्यांत. डॉक्टरला ती सहीची नक्षी वाटली असंल. ती शुक्रवारची हाय. सही आधी झालीय, बाई. जखम मागनं झाली."

तस्लीमनं तोंडावर पदर धरला. तिला स्वतःलाच आठवलं नव्हतं. अध्यक्षबाईंनी मूळ कागद उजेडाकडं धरला. शिक्क्याच्या जांभळ्या शाईखाली काळ्या पेनाच्या बारीक खुणा होत्या. वकिलांनी तो कागद मागून घेतला, उजेडात तिरपा धरून पाहिला आणि खाली ठेवला. पुढच्या महिन्यात उर्दू शाळेच्या मास्तरांनी येऊन त्या खुणा वाचल्या, तेरा मे निघाली, आणि उमैरची बाजू उभी राहिली. पण ते पुढचं.

त्या दिवशी दुपारी सगळे बाहेर आले. आवारात आंब्याच्या झाडाखाली निकेतची गाडी होती. तो गाडीजवळ थांबला. काशीबाय जवळून जाऊ लागली तसा म्हणाला, "मावशी, मी तुझा कोण होतो?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं. "चावी टेबलावर हाय. दगडाखाली," ती म्हणाली.

पायऱ्यांवर हलीमाबी उभी होती. अश्फाक हात जोडून पुढं झाला, पण हलीमाबीनं त्याला बाजूला केलं. दोघी म्हाताऱ्या समोरासमोर आल्या. काशीबायचा हात सवयीनं जरा वर उचलला आणि मध्येच राहिला. तिनं तो पिशवीच्या बंदावर ठेवला.

"खरं बोललीस," हलीमाबी म्हणाली. "माज्या पोराला उपेग होईल. पन त्या दिवशी टेबलाजवळ बोलायचं व्हतंस, काशीबाय. तवा तू व्हतीस ना तिथं."

"व्हते," काशीबाय म्हणाली.

"आता कुटं जाशील?"

"पुतन्या हाय. सदू. गावाला."

"जेवलीस?"

काशीबायनं मान हलवली, त्यातून हो की नाही ते कळलं नाही. हलीमाबीनं पुन्हा विचारलं नाही.

ती फाटकातून बाहेर पडली. उन्हात डांबर मऊ झालं होतं. डाव्या हातात पिशवी, उजवा हात मोकळा, आणि तो चालताना हलत नव्हता, अंगाशी धरलेला होता. स्टँडकडं जाणाऱ्या रस्त्याला ती लागली. मागं तिनं पाहिलं नाही. निकेत गाडीत बसला होता, काच वर, इंजिन बंद. तो काचेतून बघत होता. हलीमाबी पायरीवरून खाली उतरली नाही. सुनेनं दोनदा म्हटलं, चला अम्मी. ती तिथंच, कपाळावर तळवा धरून, त्या पाठीकडं बघत राहिली, वळणावरच्या रसवंतीच्या ताडपत्रीआड ती पाठ जाईपर्यंत.